मध्यकर्णातील तीन हाडांचे नेमके काम काय? आवाज पडद्यावरून थेट आत का जात नाही?

विज्ञानवही, सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववीला ध्वनीचे प्रकरण आले की दरवर्षी फळ्यावर कानाची आकृती काढते, हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन नावे बाणांपुढे लिहिते आणि पुढच्या मुद्द्याकडे वळते. या वर्षी एका मुलीने उभे राहून विचारले, "बाई, पडदा हलतोच आहे, तर आवाज तिथून सरळ आत का जात नाही? मध्ये तीन हाडे कशाला?" कंपने वाढवण्यासाठी, असे पुस्तकात असते तेच उत्तर मी दिले. परंतु ही हाडे स्वतः कोणतीही ऊर्जा निर्माण करत नाहीत, मग कंपने वाढतात ती कशी, हे माझे मलाच उलगडलेले नव्हते आणि तिच्या चेहऱ्यावरून तिलाही ते पटलेले दिसले नाही.

हा प्रश्न माझ्यासाठी केवळ वर्गापुरता नाही. माझ्या वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यात ३१ वर्षे टॉवेलच्या मागांवर काम केले. आता त्यांना आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. "भाजी वाढू का" आणि "ताजी वाढू का" यांतला फरक त्यांना ओठांकडे पाहिल्याशिवाय समजत नाही. माझ्या बहिणीचा सहा वर्षांचा मुलगाही आमच्याकडेच असतो. सर्दी झाली की त्याचा उजवा कान वाहतो, आणि डॉक्टरांनी पडद्याला भोक असल्याचे सांगितले आहे. अण्णांचा पडदा मात्र तपासणीत अगदी शाबूत निघाला. घरातील मंडळी दोघांच्याही बाबतीत "कान गेला" हा एकच शब्दप्रयोग करतात, आणि आजोबांचे नातवात उतरले, असाही एक समज आमच्याकडे पक्का झाला आहे. पडदा फाटलेल्या मुलाला बरेच ऐकू येते आणि पडदा धड असलेल्या माणसाला येत नाही, हे कसे? मध्यकर्णाची रचना कोणी सविस्तर समजावून सांगितली तर उपकार होतील.

कर्णशल्य

बाई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार नेमका आहे. त्याचे उत्तर समजले की अण्णांचे आणि भाच्याचे दुखणे आपोआप वेगळे होते, म्हणून आधी तिच्या प्रश्नाकडे वळतो.

विहिरीत पोहताना बुडी मारल्यावर काठावरून कोणी कितीही मोठ्याने हाक मारली, तरी पाण्याखाली ती जवळजवळ पोहोचत नाही, हा अनुभव आपल्याकडच्या बहुतेकांना असतो. हवेतील ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला की त्याची सुमारे ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते आणि हजारातला जेमतेम एक भाग आत शिरतो, कारण हवा विरळ व सहज दबणारी आहे, तर पाणी दाट आणि दबण्यास नाखूष आहे. आता ऐकण्याच्या पेशी कुठे असतात ते पाहा. त्या आंतरकर्णातील शंखाच्या आकाराच्या पोकळीत असतात आणि ती पोकळी द्रवाने भरलेली असते. म्हणजे आपण प्रत्येक जण हवेत राहून पाण्याखालच्या कानाने ऐकत असतो. मध्ये काहीच व्यवस्था नसती तर सुमारे ३० डेसिबल आवाज दारातूनच परत गेला असता. ही तूट भरून काढणे हेच मध्यकर्णाचे मुख्य काम आहे.

ते काम ऊर्जा वाढवून होत नाही, दाब वाढवून होते. खिळा ठोकताना घाव रुंद डोक्यावर बसतो आणि तोच जोर बारीक टोकाशी एकवटतो, म्हणून खिळा लाकडात शिरतो. कानाच्या पडद्याचा प्रत्यक्ष कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर असतो, आणि रिकिबीचा तळवा, जो आंतरकर्णाच्या लंबगोल खिडकीत बसलेला असतो, तो सुमारे ३.२ चौरस मिलिमीटर असतो. मोठ्या क्षेत्रावर गोळा झालेला जोर सतरापट लहान क्षेत्रावर येतो. त्यात हातोडीची दांडी ऐरणीच्या दांडीपेक्षा थोडी लांब असल्यामुळे तरफेचा सुमारे १.३ पट लाभ मिळतो. १७ गुणिले १.३ केले की सुमारे २२ पट दाब होतो, आणि डेसिबलच्या मापात तो २७ च्या आसपास जातो. ३० ची तूट आणि २७ ची भरपाई, हा हिशेब फळ्यावर मांडला तर मला वाटते त्या मुलीचे समाधान होईल.

आता रचना. कानशिलाच्या हाडात, पडद्याच्या पलीकडे, हवेने भरलेली एक चिंचोळी पोकळी असते. तिची उंची आणि लांबी सुमारे १५ मिलिमीटर, परंतु रुंदी वरच्या बाजूला सुमारे ६, तळाशी ४ आणि मधोमध, जिथे पडदा आत ओढलेला असतो तिथे, अवघी २ मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी आत दबलेल्या डबीसारखा तिचा आकार आहे. पडदा हलगीच्या कातड्यासारखा सपाट ताणलेला असतो असे पुष्कळांना वाटते, पण तो उथळ नरसाळ्यासारखा असतो आणि त्या नरसाळ्याच्या टोकाशी हातोडीची दांडी चिकटलेली असते. त्याची जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर. एवढ्यातही तीन थर असतात, बाहेर त्वचा, आत श्लेष्मल आवरण आणि मध्ये तंतूंचा थर. निरोगी पडदा मोत्यासारखा करडा दिसतो आणि तपासणीच्या दिव्याचा प्रकाश त्याच्या पुढच्या-खालच्या भागावर त्रिकोणी होऊन चमकतो. हा त्रिकोण विस्कटला की पडदा आत ओढला गेला असावा, अशी पहिली शंका आम्हाला येते.

हातोडीचे डोके ऐरणीला सांध्याने जोडलेले असते, ऐरणीची लांब दांडी खाली येऊन रिकिबीच्या माथ्याला टेकते. रिकीब हे शरीरातील सर्वांत लहान हाड, वजन सुमारे ३ मिलिग्रॅम. घोड्याच्या खोगिराला लटकणाऱ्या रिकिबीशी तिचे साम्य इतके हुबेहूब आहे की पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा मी काही वेळ नुसता पाहत राहिलो. दोन बारीक कमानी, मध्ये रिकामी जागा आणि खाली पातळ तळवा.

आणखी एक गोष्ट आकृतीत बहुधा राहून जाते. द्रव दबत नाही, त्यामुळे रिकीब आत ढकलली गेली की द्रवाला कुठेतरी सरकायला जागा हवी. ती जागा लंबगोल खिडकीच्या खाली असलेली गोल खिडकी देते. तिच्यावर पातळ पापुद्रा असतो, आणि रिकीब आत गेली की तो बाहेर फुगतो. ही दुसरी खिडकी नसती तर तीन हाडांची सगळी मेहनत वाया गेली असती.

पडद्याला लहान भोक पडले तरी उरलेला पडदा हलतो आणि साखळी जोडलेली राहते, म्हणून तुमच्या भाच्याला बरेच ऐकू येते. याउलट पडदा शाबूत असून आतली साखळी तुटली, तर ५० ते ६० डेसिबलपर्यंत तूट येऊ शकते. अण्णांच्या बाबतीत मात्र पडदा, हाडे आणि खिडक्या सर्व ठीक असून, त्यापलीकडच्या शंखातील केसपेशी, म्हणजे वर सांगितलेल्या ऐकण्याच्या पेशी, झिजल्या असाव्यात. पत्र दारापर्यंत बिनचूक पोहोचते आहे, वाचणारा थकला आहे. हे आजोबांकडून नातवाकडे आलेले नाही, दोन्ही आजार वेगळ्या खोल्यांतले आहेत.

जुना मागवाला

ताई, तुमच्या अण्णांबद्दल वाचले आणि राहवले नाही. मीही २२ वर्षे मागावर काढली. शेडमध्ये धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी ठोकळा, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे फेकला जातो, आणि प्रत्येक फेकीला ठोका बसतो. असे २०-२४ माग एका पत्र्याखाली चालू असले की शेजारच्या माणसाशी बोलायचे ते हाताने आणि ओठाने. आम्ही त्यात इतके तयार झालो होतो की कांडी संपली, ताणा तुटला, जेवायला चल, हे सगळे आवाजाशिवाय सांगत असू. घरी आल्यावर मात्र बायको म्हणायची, एवढ्या मोठ्याने का बोलता. आम्ही कापसाचा बोळा कानात घालत होतो. मोठा आवाज झाला की कान आपोआप आवळून घेतो, असे मी कुठेतरी ऐकले होते. ते खरे असेल तर आमच्या कानांनी स्वतःला का वाचवले नाही, हे डॉक्टरसाहेबांनी सांगावे, ही विनंती.

कर्णशल्य

काका, तुम्ही ऐकलेले खरे आहे, आणि ते मी आधीच सांगायला हवे होते. मध्यकर्णात दोन चिमुकले स्नायू आहेत. एक हातोडीच्या दांडीला जोडलेला असून तो पडदा ताणतो. दुसरा रिकिबीला जोडलेला असतो, त्याची लांबी सुमारे ६ मिलिमीटर, आणि हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये शरीरात त्याच्याहून लहान स्नायू नाही. साधारण ७० ते ९० डेसिबलच्या पुढचा आवाज आला की हा स्नायू आखडतो, रिकीब बाजूला ओढली जाते, साखळी ताठर होते आणि आत जाणारा आवाज कमी होतो.

परंतु या संरक्षणाला तीन मर्यादा आहेत आणि मागाच्या शेडमध्ये तिन्ही आडव्या येतात. पहिली अशी की स्नायू आखडायला सेकंदाच्या काही शतांश भागापासून एक दशांश भागाहूनही अधिक वेळ लागतो, आणि धोट्याचा ठोका त्याआधीच आत गेलेला असतो. दुसरी अशी की तो स्नायूच असल्यामुळे सततच्या आवाजात थकतो, आठ तासांची पाळी त्याच्याने पेलत नाही. तिसरी सर्वांत महत्त्वाची, तो मुख्यतः खालच्या पट्टीचे आवाज अडवतो, तर गोंगाटाने होणारी इजा प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास दिसते. बोलण्यातील स, श, फ, थ यांसारख्या वर्णांची ओळख वरच्या पट्टीतील आवाजावर अवलंबून असते. म्हणून अण्णांना स्वर ऐकू येतात आणि व्यंजने निसटतात. आवाज येतो पण शब्द कळत नाही, हे त्यांचे म्हणणे शब्दशः बरोबर आहे, आणि घरच्यांनी त्याला दुर्लक्ष करणे समजू नये.

कापसाच्या कोरड्या बोळ्याने फारच थोडा आवाज अडतो. आज जे मागावर आहेत त्यांनी फोमचे इअरप्लग वापरावेत. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी खोचलेला प्लग काही कामाचा नाही.

जीवशास्त्र निवृत्त

हाडे तीनच का, या भागाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे आणि माझ्या दृष्टीने सगळ्या शरीररचनाशास्त्रात याहून विलक्षण गोष्ट नाही.

कोंबडीच्या किंवा सरड्याच्या कानात तीन हाडे नसतात. तिथे पडद्यापासून आंतरकर्णापर्यंत एकच दांडीसारखे हाड असते, आणि ते आपल्या रिकिबीचे भाऊबंद आहे. मग हातोडी आणि ऐरण आली कुठून? ती जबड्यातून आली. सरपटणाऱ्या प्राण्यांचा खालचा जबडा अनेक हाडांचा असतो आणि कवटीशी त्याचा सांधा ज्या दोन हाडांमध्ये असतो, नेमकी तीच दोन हाडे सस्तन प्राण्यांत मध्यकर्णात सरकली. कार्ल राइशर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८३७ मध्ये भ्रूणांचा अभ्यास करून हे नाते मांडले, आणि पुढे जीवाश्मांनी त्याला दुजोरा दिला. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गनुकोडॉन या चिचुंद्रीएवढ्या प्राण्याच्या जबड्यात जुना आणि नवा असे दोन्ही सांधे एकाच वेळी आढळतात. नवा सांधा चावण्याचे काम सांभाळू लागला, तशी जुनी हाडे ऐकण्यासाठी मोकळी होत गेली.

हे केवळ जुन्या काळचे नाही, प्रत्येक गर्भात त्याची खूण राहते. हातोडी आणि ऐरण पहिल्या ग्रसनी कमानीतून, म्हणजे गर्भाच्या गळ्याजवळ दिसणाऱ्या उंचवट्यांपैकी पहिल्यातून, तयार होतात, जिथून जबडाही तयार होतो. रिकिबीचा बहुतेक भाग दुसऱ्या कमानीतून येतो. त्यामुळे हातोडीच्या स्नायूला जी चेता (मज्जातंतू) जाते ती चावण्याच्या स्नायूंचीच शाखा आहे, आणि रिकिबीच्या स्नायूला जाते ती चेहऱ्याच्या चेतेची. इतक्या जवळ बसलेल्या दोन स्नायूंचे मालक वेगवेगळे का, हे विद्यार्थ्यांना पाठ करावे लागे. जबड्याची गोष्ट सांगितल्यानंतर पाठ करण्याची गरज उरत नसे. तीन हाडांच्या साखळीमुळे सस्तन प्राण्यांना उंच पट्टीचे आवाजही ऐकू येऊ लागले. बाई, जन्मलेल्या बाळाच्या कानातील ही हाडे मोठ्या माणसाच्या हाडांएवढीच असतात, हेही मुलांना जरूर सांगा.

विज्ञानवही, सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. राइशर्टचा भाग मी उद्याच वर्गात सांगणार आहे. आता भाच्याबद्दल विचारते. सर्दीचा आणि कान वाहण्याचा संबंध काय? कान वाहू लागला की आमच्या आई लसूण टाकून तापवलेले तेल कोमट करून त्याच्या कानात सोडतात, आणि त्याला त्याने बरे वाटते असे म्हणतात. मला ते थांबवायचे आहे, पण नेमके कारण सांगता येत नाही. शिवाय भोक लहान असेल तर त्याची एवढी काळजी का करावी, हाही घरात निघणारा प्रश्न आहे.

कर्णशल्य

तेल आजच थांबवा. पडदा शाबूत असताना कानात टाकलेली वस्तू बाहेरच्या नळीत राहते. पडद्याला भोक असेल तर ती थेट त्या पोकळीत जाते जिचे वर्णन वर केले, आणि तिथून ती बाहेर काढणे कठीण असते. उबेने घटकाभर बरे वाटते, पण ओल आणि जंतू आत राहतात. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा, आणि सध्या पोहणे पूर्ण टाळावे.

सर्दीचा संबंध युस्टेशियन नलिकेशी आहे. ती मध्यकर्णाच्या पुढच्या बाजूने निघून नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. एरवी मिटलेली असते, आवंढा गिळताना किंवा जांभई देताना टाळूचा एक स्नायू तिला क्षणभर उघडतो आणि पोकळीतील हवा बदलते. सोलापूरहून मुंबईला जाताना खंडाळ्याचा घाट उतरू लागलो की कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते याच नलिकेमुळे. मोठ्या माणसात ती सुमारे ३६ मिलिमीटर लांब आणि ४५ अंशांनी तिरकी असते. मुलांमध्ये ती आखूड, तुलनेने रुंद आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे नाकातील संसर्ग तिच्यातून सहज वर चढतो. नाकाच्या मागच्या गाठी, म्हणजे अ‍ॅडिनॉइड, वाढल्या असतील तर नलिकेचे तोंडच दबते. म्हणून वाहणाऱ्या कानाचा विचार करताना आम्ही नाकही तपासतो. मूल झोपेत तोंड उघडे ठेवून घोरत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

काळजी का करावी, याचे उत्तर शेजाऱ्यांमध्ये आहे. या पोकळीचे छत म्हणजे हाडाचा एक पातळ पत्रा, आणि त्याच्या वर मेंदू. तळाखाली मेंदूकडून रक्त परत आणणारी मोठी शीर, पुढच्या भिंतीपलीकडे मेंदूला रक्त नेणारी धमनी. मागे एका वाटेने ती कानामागच्या हाडातील पोकळ्यांना जोडलेली असते. चेहऱ्याची चेता आतल्या आणि मागच्या भिंतीतून हाडाच्या बारीक नळीत जाते, आणि तिची एक शाखा, जी जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव वाहून नेते, ती तर हातोडी आणि ऐरण यांच्यामधून उघडीच जाते. कानाच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्ण जिभेची चव बदलल्याचे सांगतात, त्याचे कारण हेच.

पडद्याच्या मधल्या ताणलेल्या भागातील भोक सहसा कमी धोक्याचे असते. वरच्या सैल भागात किंवा अगदी कडेला भोक असेल, आणि थोडा पण दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर आत त्वचेचा गोळा वाढत असण्याची शक्यता असते. तो हाड खातो. ऐरणीच्या लांब दांडीला रक्तपुरवठा मुळातच कमी असल्यामुळे पहिला घाला बहुधा तिच्यावर पडतो, आणि पुढे वर सांगितलेले शेजारी धोक्यात येतात. म्हणून भोक किती मोठे, यापेक्षा ते कुठे आहे, हे डॉक्टरांना विचारा. साध्या भोकावर कानाच्या वरच्या स्नायूवरील पातळ आवरणाचा तुकडा घेऊन ठिगळ लावता येते. लहान मुलांत कान कोरडा ठेवून काही वर्षे थांबण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो.

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत ५१२ हर्ट्झचा नादकाटा असेल. तो वाजवून त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवा आणि नंतर काटा कानासमोर धरा. निरोगी कानाला समोरचा आवाज मोठा वाटतो. मध्यकर्णात पुरेसा अडथळा असेल तर हाडावरचा मोठा वाटतो. ही चाचणी हाइनरिख रिने यांनी १८५५ मध्ये मांडली आणि आजही आमच्या खिशात असते. तिने ऑडिओग्रामचे, म्हणजे यंत्रावर काढलेल्या श्रवणाच्या आलेखाचे, काम होत नाही, पण दोन्ही बिघाडांतला फरक तुम्हाला स्वतः पाहता येईल.

विज्ञानवही, सोलापूर

काल शाळेतून नादकाटा घरी आणला. भाच्याने उजव्या कानामागे काटा टेकवताच "इथे जास्त वाजतंय" असे लगेच सांगितले, आणि डाव्या बाजूला नेमके उलटे. अण्णांना दोन्ही बाजूंना समोरचाच आवाज मोठा वाटला, फक्त तो आम्हाला ऐकू येत असतानाच त्यांच्यासाठी संपला. आईंनी हे सगळे शेजारी बसून पाहिले आणि तेलाची वाटी स्वतःच उचलून आत नेली. भाच्याला सोमवारी कान-नाक-घसा विभागात नेणार आहोत, तो झोपेत घोरतो हेही सांगू. अण्णांचा ऑडिओग्राम त्याच दिवशी करून घेऊ.

वर्गात मी मुलांना एका कानात बोट घालून ओठ मिटून गुणगुणायला सांगितले. आवाज बंद केलेल्या कानात मोठा झाला, तेव्हा चाळीसही मुले एकदम शांत झाली. जिने प्रश्न विचारला होता तिने आता गोल खिडकीबद्दल विचारले आहे. ती खिडकी झाकली गेली तर किती कमी ऐकू येईल, असा तिचा प्रश्न आहे.

कर्णशल्य

तिला सांगा की शंखाचे हाड पूर्ण ताठर असते आणि द्रवाला सरकायला दुसरी जागा अगदी थोडी असते, त्यामुळे रिकिबीची हालचालच मंदावते. पडद्याला मोठे भोक असले की आवाज दोन्ही खिडक्यांवर जवळजवळ एकाच वेळी आदळतो, एक दुसरीला विरोध करते, आणि त्यामुळेही ऐकू येणे कमी होते. शाबूत पडदा गोल खिडकीवर सावली धरतो, हे त्याचे दुसरे काम. सोमवारी काय निष्पन्न होते ते इथे अवश्य लिहा.